‘जीएसटी परतावा’ थकतो का? आणि थोडे साहोत्र्याविषयी

प्रश्न असा आहे: ‘केंद्राकडे राज्याचा जीएसटी परतावा थकला’ हे बरोबर, की ‘वाटा थकला’ म्हणावे?

दोन्ही चूक. परतावा ज्याने भरले त्याला मिळतो. निर्यातदार कर भरतो, अर्ज करतो, पैसे परत घेतो. राज्याने केंद्राला काही भरलेलेच नाही, तर परत काय येणार? थकली होती ती भरपाई. जीएसटीत राज्यांचे जे कर विरले, त्यांच्या २०१५-१६च्या उत्पन्नावर दरसाल १४ टक्के वाढ धरायची आणि वसुली कमी पडली तर तूट भरून द्यायची, असा पाच वर्षांचा करार होता. ३० जून २०२२ला तो संपला, मथळ्यांतला परतावा काही संपेना. ‘रूढ झालाय, चालू द्या’ म्हणणाऱ्या पंडितांनी आपल्या प्राप्तिकराच्या परताव्याला एकदा भरपाई म्हणून बघावे.

वाटा निराळा, तो केंद्राच्या करांतला, वित्त आयोग ठरवतो. पण या वाट्यासाठी आपल्याकडे एक झकास शब्द होता: साहोत्रा. ‘पंधरा साते पाचोत्रासे’ आठवतंय? पंचोत्तर शत, शंभरावर पाच. तेच ‘उत्तर’ घासून ‘ओत्रा’ झाले. साहोत्रा म्हणजे शेकडा सहा. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी चौथाईच्या (दख्खनच्या मोगली सुभ्यांच्या वसुलातल्या चौथ्या हिश्श्याच्या) सनदा आणल्यावर जी वाटणी झाली, तीत हा साहोत्रा अष्टप्रधानांतल्या पंत सचिवांकडे गेला. माझा तर्क असा की नावातला ‘उत्तर’ पाहता हा मुळात वरून आकारायचा अधिभार असावा, मागाहून चौथाईच्या पोटात शिरला. कोशकार नुसते ‘सहा टक्के’ लिहून मोकळे होतात. अहो, कशाचे सहा? वसुलाचे नव्हे, चौथाईचे! शंभर रुपये वसूल धरा. चौथाई २५. तीत राजबाबती (राजाचा हिस्सा) सव्वासहा, साहोत्रा दीड, नाडगौडा (राजाने मर्जीने द्यायचा हिस्सा) पाऊण, उरलेला साडेसोळा ऐन मोकासा, म्हणजे सरदारांचा.

नेमकी हीच गफलत आजही होते. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले, जवळजवळ साहोत्राच. पण ते राज्यांच्या ४१ टक्क्यांतले. म्हणजे विभाज्य (केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायच्या) करांच्या शंभर रुपयांत २ रुपये ५९ पैसे. उपकर आणि अधिभार त्या शंभरात धरलेलेच नाहीत. राज्ये भांडतात ती मुख्यतः यावरून.