गाण्यांच्या मधली जागा

चिरंजीव मुली,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. दादाच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी चार पानं लिहायची आहेत, काय घेऊ आणि काय गाळू, असं विचारलंयस. आई म्हणते नोकरी सोडल्याचं नको, बाबा म्हणतात उधारीचं नको, आणि तुला वाटतं की एवढं गाळल्यावर दादा उरतच नाही. तुझं बरोबर आहे. मी हे इतक्या ठामपणे का सांगतो, ते ऐक.

माझा अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं घर मिरजेत, सतारमेकरांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. शाळा सुटली की दप्तर माझ्या गळ्यात अडकवून तो एका कारागिराच्या दुकानात जाऊन बसायचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वर टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. तिथंच तो जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायला शिकला. तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरून जाते, तारेखाली सुताचा बारीक धागा सारतात. धागा केसभर इकडे-तिकडे झाला तरी तार मुकी राहते, आणि मध्ये कुठंतरी अशी जागा येते की ती बोलायला लागते. अण्णा डोळे मिटून धागा सरकवायचा. जागा सापडली की माझा हात ओढून भोपळ्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "कळलं?" कानाला मला फार उशिरा कळायला लागलं. तळव्याला मात्र लगेच कळायचं.

बँकेत त्यानं दीड वर्ष काढलं. सवाई गंधर्व संगीत महोत्सव पुण्यात 1953 पासून होतो, आणि त्या काळी तो रात्र-रात्र चालायचा. साहेबांनी रजा नाकारली, तर हा तसाच गेला. राजीनामा पुण्याहून टपालानं पाठवला. इकडं आई रोज रात्री त्याचं ताट झाकून ठेवत होती. पुढं लग्न केलं नाही, एका जागी टिकला नाही, तंबोरे दुरुस्त करत गावोगाव फिरला. वाण्याची त्याची उधारी मी माझ्या पहिल्या पगारातून फेडली आणि त्या रागात दोन वर्षं त्याच्याशी धड बोललो नाही. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

पण उरुसाला तो जिथं असेल तिथून मिरजेला यायचाच. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. गाणारा सेवा म्हणून गातो, ऐकणारा तिकिटाशिवाय बसतो. अण्णा संध्याकाळीच पुढची जागा धरायचा, गायकांना विचारून टेपरेकॉर्डर ठेवायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. बाजू संपली की खट्ट आवाज, मग त्याची उलटवायची घाई.

तो गेला तेव्हा अशा साठेक कॅसेटी निघाल्या. मी त्या एका तंत्रज्ञाकडे नेल्या आणि सांगितलं, आवाज स्वच्छ करा, गाण्यांच्या मधलं काढून टाका. त्यानं चोख काम करून दिलं. खरखर गेली. राग सुरू होतो, राग संपतो, मध्ये काही नाही. कॉपी झाली म्हणून मूळ कॅसेटी मी रद्दीवाल्याला देऊन टाकल्या.

महिन्याभरानं शांतपणे ऐकायला बसलो, तेव्हा लक्षात आलं. समेवर हळूच येणारं त्याचं "आहा" गेलं होतं. मागच्या माणसाला "पाय आवरा हो" म्हणणं गेलं, चहावाल्याला बोलावणं गेलं. एका वर्षी मी त्याला न्यायला गेलो होतो, "आई वाट बघतेय" म्हणालो, तर म्हणाला, "एवढा आलाप होऊ दे." तेही गेलं. ते गाणं कदाचित आणखी कुणाच्या टेपवर सापडेल. अण्णाचा आवाज तेवढाच होता, आणि तो मी स्वतः सांगून पुसून घेतला.

म्हणून लिहिण्याआधी दादाच्या कॅसेटी हातात घे. वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे छोटे तुकडे मोडून टाक, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. टेपचं हेड स्पिरिटनं पूस. कॅसेट एकदा पुढं-मागं फिरव आणि मग अख्खी बाजू न थांबवता वेव्ह फाइलमध्ये उतरव, खोकल्यासकट. नातेवाइकांसाठी काटछाट करायची तर त्या फाइलच्या प्रतीवर कर. मूळ कॅसेट कुणालाही देऊ नकोस, मलासुद्धा.

लिहिताना "कलंदर", "मनस्वी", "रसिक" हे शब्द टाळ. ते श्रद्धांजलीत कुणालाही लावतात. उधारी किती होती, कुणाची, कशासाठी काढली होती, ते लिही. तू पत्रात सहज लिहून गेलीस की हार्मोनियमचा भाता फाटला तेव्हा दादानं आईच्या जुन्या पर्सचं चामडं कापून लावलं. बाई, तिथूनच सुरुवात कर! नोकरीचं पान मात्र आधी आईला एकटीला वाचून दाखव. ती रडेल, कदाचित चिडेल, आणि मग तुला माहीत नसलेलं काहीतरी सांगेल. तेही लिही. दादाच्या तबलजी मित्राकडे याच महिन्यात जा. त्यांचं वय झालंय.

माझ्याकडे चालू डेक आहे, उरुसाला येशील तेव्हा कॅसेटी घेऊन ये. रद्दीत गेली नाही अशी अण्णाची एकच कॅसेट राहिलीय, कारण ती टेपरेकॉर्डरमध्येच अडकली होती. दुसऱ्या बाजूला, तिसाव्या मिनिटाच्या आसपास, गायक तंबोरा लावून घेतायत आणि अण्णा कुणाला तरी हळूच विचारतो, "कळलं?" समोरचा काय म्हणाला ते चिंचेखालच्या गलक्यात ऐकू येत नाही. तुझे कान तरुण आहेत, ऐकून सांग.

तुझा,
काका