देवरहाटीचा सातबारा कुणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न : जमीन, रान आणि कायदा

ताई, संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीची चारेक एकर देवरहाटी, म्हणजे देवराई, आहे. सातबारावर सत्तावीस सहहिस्सेदार आहेत, त्यातले निम्मे मुंबईला. एक लाकूड ठेकेदार घरोघर फिरून कुलमुखत्यारपत्रं गोळा करतोय. थोरले काका म्हणतात, ‘देवाचं रान आहे, कोण हात लावील?’ सरकारकडे जावं तर जमीनच जाईल अशी सगळ्यांना धास्ती. काय करावं?

काकांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. देवरहाट्या इतकी वर्षं टिकल्या त्या याच धाकामुळे. पण ठेकेदार बाहेरचा आहे, तुमच्या देवाचा धाक त्याला नाही. म्हणून आधी कागद बघा.

महसूल खात्यात असताना मी असे पुष्कळ सातबारे हाताळले. देवरहाटी म्हणून लोक दाखवतात ती जमीन कागदावर कधी ‘महाराष्ट्र शासन’ असते, कधी देवस्थानची, तर कधी तुमच्यासारखी सामाईक मालकीची. नुसता आजचा उतारा पुरत नाही. जुने फेरफार काढा, ‘इतर हक्क’ नीट वाचा. जमीन शासनाच्या नावावर निघाली, तर हिस्सेदारांना झाडं विकायचा अधिकारच उरत नाही. ठेकेदाराचा विषय तिथेच संपतो.

मालकीची असेल तर जपून. झाडतोडीसाठी १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत: साग, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ वगैरे. ती तोडायला परवानगी लागते. पण देवरहाटीला देवरहाटी करणारी बरीच झाडं त्या यादीत नाहीत. बेहडा नाही, सातवीण नाही, कुंभा नाही. हिरड्याला संरक्षण आणि शेजारच्या दीडशे वर्षांच्या बेहड्याला नाही, हे मला आजही पटत नाही. तेव्हा ‘परवानगीशिवाय कोण तोडतंय’ या भरवशावर राहू नका. सामाईक जमिनीतलं रान एकट्यादुकट्याला परस्पर विकता येत नाही. तुमची लेखी हरकत आजच परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांकडे आणि तहसीलदारांकडे द्या, आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

आता जमीन जाण्याची धास्ती. ती खोटी नाही. खाजगी वनांच्या संपादनाचा कायदा ३० ऑगस्ट १९७५ला लागू झाला आणि कित्येकांच्या मालकीची रानं सरकारजमा झाली. ज्यांच्या सातबारावर त्या संपादनाचा शेरा आला, त्यांच्या घरात अजून ती गोष्ट निघते. पण तुमच्या कामाचं कलम वेगळं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आले. सरकारी जमिनीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र, जसं नाशिकजवळचं बोरगड किंवा आपल्याकडचं तिलारी. खाजगी आणि सामूहिक जमिनीसाठी समुदाय राखीव क्षेत्र, कलम ३६ क (इंग्रजीत 36C). या दुसऱ्या प्रकारात मालकांनी स्वतःहून पुढे यावं लागतं आणि मालकी मालकांचीच राहते. केरळात कडलुंडी-वल्लिक्कुन्न इथे असं क्षेत्र २००७मध्ये झालं. खाजगी जमीन असेल तर व्यवस्थापन समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, हे २०२२च्या दुरुस्तीत आलं.

यातली अट मात्र सगळ्यांना वाचून दाखवा. एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. उद्या कुणाच्या मुलाला तिथे घर बांधावंसं वाटलं तरी नाही. हे आधी न सांगता सह्या घेतल्या तर पुढे वाडीत भांडण ठरलेलं.

दुसरी वाट जैवविविधता कायद्याची. त्याच्या ३७व्या कलमाखाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करतं. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथली राई त्यात आली, कारण तिथे रानजायफळाच्या जातीचं दलदलीतलं दुर्मीळ जंगल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी एका माशासाठी जेमतेम २.११ हेक्टरचं स्थळ जाहीर झालं. म्हणजे जागा लहान आहे म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांबद्दल, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल, निकाल देताना त्यांची मोजणी करून त्यांना वर सांगितलेल्या ३६ क कलमाखाली संरक्षण द्यायला सांगितलं. निकाल राजस्थानचा असला तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी ३६ क बरं. आणि बैठक शिमग्याला लावा. पालखी सहाणेवर असते तेव्हा मुंबईकर गावात असतात, सत्तावीसपैकी बहुतेक सह्या एका दिवसात होतील. फोनवर होकार देणारा माणूस कागदावर सही द्यायला वर्ष लावतो.

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. सभामंडप आणि गाड्या लावायची जागा यासाठी दोन मोठे बेहडे आणि गारंबीचा वेल काढणार आहेत. विरोध केला तर ‘देवाने कौल दिलाय’ म्हणतात. मी गावची सून, माझं कोण ऐकणार?

सून आहात म्हणून गप्प बसू नका. ग्रामसभेत तुमचा आवाज इतरांइतकाच आहे.

कौलाबद्दल एकच विचारा, आणि मानकऱ्यांना नमस्कार करून विचारा. गुरवांनी कौल लावला तो ‘देऊळ बांधावं का’ यासाठी, की ‘बेहडे तोडावेत का’ यासाठी? हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दुसरा विचारलाच नसेल, तर विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावता येणार नाही, हे जुनी माणसं लगेच मान्य करतील.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बेहड्यांखाली उभ्या राहा आणि वर ढोल्या शोधा. आपल्याकडे धनेश बेहड्याच्या ढोलीत घर करतो. मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नर दिवसभर उंबर, वडाची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. खाली बिया, विष्ठा यांचा सडा दिसला तर ढोली चालू आहे समजा. तारखेसह फोटो काढा आणि वनपालांना द्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं उद्ध्वस्त करणं शिकारीतच मोडतं, आणि मोठा धनेश त्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. मंडपाचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला हे आधी कळलं तर खांब सरकवणं अवघड नसतं.

बैठकीत सांगायला एक खरी हकिकत. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई १९७०च्या सुमारास तोडीसाठी निघाली होती. गावकऱ्यांनी देवरायांचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांना मदत मागितली. कारण साधं होतं, गावचा ओढा त्याच राईतून यायचा. तुमच्या देवळामागची विहीर मे महिन्यात कशावर भरते, ते बायकांना विचारायला लावा. पाणी कोण भरतं ते सभेला ठाऊक आहे.

पुण्याहून लिहितोय. वेल्ह्याकडे तीन एकर डोंगरउताराची जमीन घेतली आहे. तिथे खाजगी अभयारण्य करायचंय. कोणती झाडं लावू?

अभयारण्य सरकार जाहीर करतं, पाटी लावून होत नाही. ३६ क कलम एकट्या मालकालाही खुलं आहे, पण त्याची घाई नको. सातबारावर ‘वने’ असा शेरा नाही ना, हे आधी बघून घ्या.

झाडं तर तूर्त लावूच नका. पावसाळ्यानंतर उतारावर फिरून तोडलेल्या बुंध्यांना फूट आहे का बघा. ऐन, हिरडा, आसाणा यांचे धुमारे तुमच्या रोपांपेक्षा जोरात वाढतील, वणवा आणि चराई तेवढी थांबली पाहिजे. गिरीपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. जेसीबीने चर खणून माती हलवू नका. गवताचे पट्टे तसेच राहू द्या, तिथेही जीव राहतात.

दिवाळीनंतर हद्दीवर जाळरेषा काढा, म्हणजे वणवा अडवायला गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. वणवा बहुतेकदा शेजारच्या गटातून येतो, म्हणून त्या गटाच्या मालकाला आधी भेटा. जाळरेषा दोघांच्या बांधावरून गेली तर मजुरीही वाटून घेता येईल.