थंडीच्या रात्री घरी आल्या आल्या गरम सूप हवं असेल तर स्लो कुकर कसा वापरावा? माझं सूप पाणचट होतं.

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटातला हा तुमचा पहिलाच हिवाळा, ऑफिसातून येईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख आणि उणे वीस, स्वयंपाकाला उभं राहायची ताकद नसते, म्हणून स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घेतला पण सूप पाणचट आणि बेचव होतंय. मी इथे बरीच वर्षं आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च आमचा स्लो कुकर ओट्यावरून हलत नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपला हात प्रेशर कुकरवर बसलेला असतो, सगळं एकदम टाकायचं, पाणी घालायचं, शिट्ट्या काढायच्या. स्लो कुकरमध्ये नेमकं हेच चालत नाही. त्यात प्रेशर नसतं, आणि वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत आत पडते त्यामुळे पाणी आटतच नाही, उलट भाज्यांचं आणि चिकनचं पाणी सुटून रस्सा वाढतो. म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी, आणि सकाळी काय टाकायचं आणि शेवटच्या अर्ध्या तासात काय टाकायचं हे वेगळं ठेवायचं. माझ्या मते स्लो कुकरच्या सूपचं सगळं यश या दुसऱ्या गोष्टीत आहे.

हे भांडं मुळात निघालं तेच दिवसभर विसरून जाता येईल असं. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सनला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि त्याला ते सुचलं आईच्या लिथुआनियातल्या आठवणीवरून, तिकडे ज्यू घरांमधून शुक्रवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) लागायच्या आत चोलंटचं, म्हणजे मांस आणि कडधान्याच्या रश्शाचं, मडकं बेकरीत पोचतं व्हायचं आणि विझत चाललेल्या भट्टीच्या धगीवर रात्रभर शिजायचं. आपल्याकडे चुलीच्या वैलावर जे व्हायचं तेच. पुढे रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये ते क्रॉकपॉट म्हणून बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

आता सूप. तुम्ही मिनेसोटात आहात तर इथलंच चिकन वाइल्ड राइस सूप करा, या थंडीसाठी याहून चांगलं मला तरी काही माहीत नाही. वाइल्ड राइस म्हणजे आपला तांदूळ नव्हे, उथळ तळ्यांमध्ये वाढणाऱ्या एका गवताचं बी आहे, इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि होडीतून जाऊन दोन काठ्यांनी कणसं झोडून ते गोळा करतात. दुकानात दोन प्रकार मिळतात आणि फरक लक्षात ठेवा. काळा कुळकुळीत चमकणारा असतो तो शेतात लावलेला, तो शिजायला चिवट म्हणून दिवसभराच्या सूपला तोच बरा. तळ्यातला हाताने काढलेला तपकिरी, जरा महाग, चवीला फारच सुंदर, पण तो गॅसवर अर्ध्या तासाच्या आसपास शिजतो, सकाळपासून कुकरमध्ये ठेवलात तर गाळ होईल, तो वेगळा शिजवून शेवटी घाला.

सहा क्वार्टच्या (साधारण पावणेसहा लिटरच्या) कुकरला एक कप काळा वाइल्ड राइस धुऊन, तीन गाजरं, सेलरीचे तीन दांडे, एक मोठा कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, पावशेर मशरूम, आणि साधारण ७०० ग्रॅम बोनलेस चिकन थाय घ्या. ब्रेस्ट नको, आठ तासांत भुशासारखं कोरडं पडतं, थायमध्ये चरबी असते म्हणून ते मऊ राहतं. कांदा, लसूण आणि मशरूम आदल्या रात्री बटरवर चांगले लालसर परतून फ्रिजमध्ये ठेवा, ही पाच-दहा मिनिटं चुकवू नका, कारण कुकर काहीच परतून देत नाही आणि तुमचं सूप बेचव लागतंय त्याचं कारण बहुतेक हेच असणार. सकाळी तळाला गाजर-सेलरी (मुळं चिकनपेक्षा हळू शिजतात, धग तळाला आणि कडेला जास्त), त्यावर तांदूळ, परतलेलं, चिकन, एक तमालपत्र, चमचाभर सुका थाइम आणि सहा कप कमी मिठाचा चिकन ब्रॉथ. लो वर सात-आठ तास. लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतात, फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळेचा, म्हणून ऑफिसच्या दिवशी लोच. मध्ये झाकण उघडून बघू नका, साठलेली धग निघून जाते आणि वेळ वाढतो.

घरी आलात की चिकन बाहेर काढून काट्याने सोडवा. एका पातेल्यात चार चमचे बटर, त्यात अर्धा कप मैदा मंद भाजा, कच्चा वास गेला की दोन कप दूध हळूहळू घालून गुठळ्या मोडा आणि दाटसर झालं की ते कुकरमध्ये ओता, चिकन परत घाला, हाय वर पंधरा-वीस मिनिटं. दूध सकाळी घातलं तर फुटतं, म्हणून शेवटीच. मीठ आत्ता चाखून, ताजी मिरपूड भरपूर, आणि मी किसलेलं आलं आणि लिंबू पिळते, इथल्या लोकांना ते जरा वेगळं वाटतं पण आपल्या जिभेला त्याशिवाय सूप पोटात उतरल्यासारखं वाटत नाही. लवंग-दालचिनी मात्र सकाळी टाकू नका, आठ तासांत सगळ्याचा काढा होतो.

शाकाहारी असाल तर चिकनऐवजी मशरूम दुप्पट आणि मूठभर मसूर डाळ, ब्रॉथ भाज्यांचा, बाकी सगळं तसंच.

एक गोष्ट मात्र कृपा करून गंभीरपणे घ्या. सुका राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते खळखळ उकळीनेच मरतं, स्लो कुकर तेवढा तापत नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास, खळखळ उकळा, मगच कुकरमध्ये, किंवा सरळ डब्यातला शिजवलेला वापरा. टोमॅटो घालायचा असेल तर दाणे मऊ झाल्यावर, आंबटात ते कडकच राहतात. तसंच फ्रीझरमधलं गोठलेलं चिकन सरळ टाकू नका, आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, नाहीतर ते तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतू वाढतात. टायमर लावून कच्चं सामान चार-चार तास तसंच बसवून ठेवणंही नको.

कुकर अर्धा ते दोन तृतीयांश भरा, अगदी काठोकाठ नको. उरलेलं सूप दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस राहतं. तांदूळ रात्रभरात रस्सा पिऊन टाकतो आणि सूप जवळजवळ खिचडी होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कपभर ब्रॉथ किंवा दूध घालून गॅसवर वाफाळेपर्यंत गरम करा, स्लो कुकरमध्ये नको, त्यात थंड अन्न गरम व्हायला फार वेळ लागतो.