‘समजतं हो, पण सुटत नाही’

सेमिस्टरचे निकाल लागले की पुढचे काही आठवडे समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणारी मुलं एकच वाक्य बोलतात. गाव रत्नागिरी असो, चिपळूण असो की कणकवली, दहावीला नव्वद टक्के असोत की बहात्तर, शाखा बहुतेक वेळा मेकॅनिकल आणि वाक्य हे: “मॅडम, सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं. पेपरात सुटत नाही.” मागोमाग केट्यांची, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यायच्या विषयांची, यादी येते. इंजिनीअरिंग मेकॅनिक्स, गणित, आणि दुसऱ्या वर्षात गेलेला असेल तर स्ट्रेन्थ ऑफ मटेरिअल्स नाहीतर थर्मोडायनॅमिक्स.

पालकांचं निदान तयार असतं: मोबाईल. मुलाचं निदान असतं इंग्रजी माध्यम, किंवा “माझं डोकंच नाही मेकॅनिकलचं.” मोबाईल आणि इंग्रजी यांत थोडं तथ्य आहे. तिसऱ्यात मला आजवर फारच क्वचित तथ्य सापडलं.

ओंकारची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदललेत. खरं तर तीन-चार मुलांची मिळून ही एक गोष्ट आहे. वडील रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. जूनमध्ये मासेमारी बंदी लागली, बोट किनाऱ्यावर आली आणि बाप-लेक दोघं एकत्र आले. पहिल्या सेमिस्टरच्या मेकॅनिक्सला दुसऱ्यांदा बसूनही ८० पैकी २२ मिळाले होते. पास व्हायला ३२ लागत होते.

वडील म्हणाले, “मॅडम, हा इंजिन खोलून परत जोडतो. गेल्या बंदीत पाण्याच्या पंपाचा इम्पेलर ह्यानेच बदलला. रबराची पाती तुटून पुढे कूलरात अडकली होती, तीपण ह्यानेच शोधून काढली. मग कागदावर काय होतं?”

अभिमानाने बोलत होते, आणि मुलगा मान खाली घालून ऐकत होता. ‘इंजिन खोलतो म्हणजे मेकॅनिकल जमणार’ हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि मुलांवर त्याचं फार ओझं होतं. इंजिन खोलणं ही कारागिरी आहे, चांगली आणि मोलाची. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत मात्र विचारतात ते त्या इंजिनामागचं गणित: कुठे किती बळ लागतं, किती उष्णता जाते, दांडा कितीला वाकेल. एक येतं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. आणि दुसरं येत नाही म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. वडिलांना मी हे तसंच सांगितलं. ते जरा नाराज झाले, पण मुलाची मान वर आली.

पुढच्या वेळी ओंकारला मेकॅनिक्सची वही आणायला सांगितलं. वही देखणी होती. प्रत्येक उदाहरण पूर्ण, उत्तराभोवती लाल चौकट, खाडाखोड कुठेच नाही. अशी वही दिसली की मी सावध होते. स्वतः सोडवणाऱ्याच्या वहीत चुकलेले बाण असतात, मध्येच सोडून दिलेली समीकरणं असतात. स्वच्छ वही बहुधा फळ्यावरून किंवा यूट्यूबवरून उतरलेली असते.

वहीतलंच एक उदाहरण मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं आणि वही बाजूला ठेवली. ५ मीटर लांब, २०० न्यूटन वजनाची एकसारखी शिडी गुळगुळीत भिंतीला टेकली आहे. शिडीचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर, जमीन खरखरीत. शिडी घसरू नये म्हणून जमिनीचा घर्षणगुणांक किमान किती हवा? त्याच्या वहीत उत्तर होतं ०.३७५. चौकटीसकट.

“हे येतं मला,” तो म्हणाला.

बराच वेळ पेन कागदाला लागलं नाही. मग शिडी काढली, मध्यावर वजनाचा बाण खाली. बरोबर. पायाशी जमिनीची प्रतिक्रिया वर, घर्षण आडवं. मग भिंतीपाशी दोन बाण: एक भिंतीच्या दिशेने आत जाणारा, एक भिंतीवरून वर जाणारा. इथे हात थांबला. अज्ञात राशी झाल्या चार आणि समतोलाची समीकरणं असतात तीन. सुटणार कसं?

“इथेच अडतं,” तो म्हणाला. “पेपरातपण असंच होतं. मग घाम फुटतो.”

“हा आत जाणारा बाण कोणाचा?”

“शिडी भिंतीला ढकलते ना, तो.”

“चित्र कोणाचं काढतोयस?”

“शिडीचं.”

मी पुढे काही बोलले नाही. या शांततेचं माझ्या कामात मोल आहे आणि ती न मोडायला मी वेळ देऊन शिकले आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “म्हणजे हे बळ भिंतीला लागलंय. शिडीच्या चित्रात ते यायलाच नको. शिडीला भिंत उलटं ढकलते.” बाण फिरला. मग वर जाणाऱ्या बाणाकडे बघून म्हणाला, “आणि हा घर्षणाचा. पण भिंत गुळगुळीत दिलीय.” तो बाण खोडला.

अज्ञात राशी उरल्या तीन. पायाभोवती मोमेंट (बळ गुणिले त्याचं लंब अंतर) घेतले की पायाशी असलेली दोन्ही बळं गळतात: भिंतीची प्रतिक्रिया गुणिले ४ बरोबर २०० गुणिले १.५. म्हणजे ७५ न्यूटन. आडव्या समतोलातून घर्षणही ७५, उभ्या समतोलातून जमिनीची प्रतिक्रिया २००. ७५ भागिले २०० म्हणजे ०.३७५. हे सगळं त्याने मला एकही प्रश्न न विचारता केलं.

उत्तर आल्यावर तो खूश होईल असं वाटलं होतं. तो चिडला. “म्हणजे मला समजलेलंच नव्हतं? वर्षभर मी ‘समजतं’ म्हणत होतो!”

या कामातली सगळ्यात महत्त्वाची घडी हीच, असं माझं ठाम मत आहे. ‘समजतं पण सुटत नाही’ या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग सगळे दुरुस्त करायला बघतात: क्लास लावा, टाइमटेबल करा, पहाटे उठा. चुकीचा असतो पहिला अर्धा. दुसऱ्याने सोडवलेलं उदाहरण बघताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटणं म्हणजेच समजणं असं मनाला वाटतं. आई मोदकाच्या कळ्या पाडताना लहानपणापासून बघितलंय म्हणून आपल्या हाताने कळ्या पडत नाहीत, तसंच हे. फळ्यावरच्या उदाहरणात सगळ्यात अवघड निर्णय सरांनी आधीच घेतलेला असतो: कुठली वस्तू वेगळी काढायची आणि तिच्यावर कोण कोण बळ लावतंय. विद्यार्थी उतरवून घेतो तो त्यानंतरचा हिशोब. पेपरात मात्र पहिला निर्णय त्यालाच घ्यावा लागतो, आणि तो त्याने कधी घेतलेलाच नसतो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. ‘मी ढ आहे’ हा विचार खोडून काढायला आमच्याकडे युक्तिवादांची कमी नाही, पण या मुलांसमोर ते फारसे चालत नाहीत. हातात केटी असलेल्या मुलाला ‘तू हुशार आहेस’ म्हटलं की त्याला ती दया वाटते. त्यापेक्षा तो नेमका कुठल्या जागी अडतो ते त्याच्याच कागदावर दाखवलेलं बरं. अडण्याची जागा सापडली की ‘ढ’ या शब्दाला टेकायला जागा उरत नाही. ओंकारचं सगळं अडणं उदाहरणाच्या पहिल्या पाच मिनिटांत होतं. बेरीज-वजाबाकी, त्रिकोणमिती सगळी ठीक होती. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे पाच मिनिटांचीच केटी आहे.” मला हे वाक्य सुचलं नसतं.

मग कामाचं ठरलं. पहिले दोन आठवडे एकही उदाहरण सोडवायचं नाही. रोज दहा उदाहरणांच्या फक्त एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकच वस्तू वेगळी काढून तिच्यावरची बळं दाखवणारं चित्र) काढायच्या. प्रत्येक बाणाशेजारी दोन नावं लिहायची: देणारा कोण, घेणारा कोण. घेणारा प्रत्येक वेळी चित्रातली वस्तूच असला पाहिजे. नसेल तर बाण खोडायचा. देणारा सापडत नसेल तरी बाण खोडायचा. शेवटी अज्ञात राशी मोजायच्या. सपाट चित्रातल्या एका वस्तूला तीनपेक्षा जास्त निघाल्या तर एकतर काहीतरी जादा काढलंय, किंवा आणखी एखादी वस्तू वेगळी काढावी लागणार आहे. मराठी माध्यमातल्या मुलांनी याच वेळी प्रश्नातले शब्द पेन्सिलने अधोरेखित करावेत. ‘स्मूथ’ आलं की घर्षण शून्य, ‘लाइट’ आलं की वजन धरायचं नाही, ‘इम्पेन्डिंग मोशन’ आलं की घर्षण कमाल मर्यादेला पोचलेलं. असे शब्द मोजकेच आहेत आणि निम्मी माहिती त्यांतच दडलेली असते.

तिसऱ्या आठवड्यापासून सोडवणं. सोडवलेलं एक उदाहरण वाचायचं, वही मिटायची, तेच पहिल्यापासून लिहायचं. अडलं तर वीस मिनिटं झगडायचं, मग वही उघडून फक्त अडलेली ओळ बघायची आणि पुन्हा मिटायची. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी. त्यानंतर वेगवेगळ्या धड्यांतली उदाहरणं मिसळून. पेपरात कुठलं उदाहरण कुठल्या धड्यातलं ते कोणी सांगत नाही. वेळेचा हिशोबही शिकवावा लागतो. तीन तासांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, सहा गुणांच्या उदाहरणाला साडेतेरा. वीस मिनिटं एकाच उदाहरणावर गेली तर ते सोडून पुढे जायचं. ‘हे मला आलंच पाहिजे’ हा हट्ट सगळ्यात महाग पडतो तो इथे.

एकदा तो स्ट्रेन्थ ऑफ मटेरिअल्सचं उदाहरण घेऊन आला. २० मिमी व्यासाची, २ मीटर लांब पोलादी सळई, ५० किलोन्यूटन ताण. लांबी किती वाढेल? त्याचं उत्तर होतं १५,९०,००० मिमी. लांबी मिलिमीटरमध्ये, ई (पोलाद ताणायला किती कठीण ते सांगणारा यंग्ज मॉड्युलस) न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घातलं होतं. दोन मीटरची सळई दीड किलोमीटर ताणली गेली आणि त्याला काही वावगं वाटलं नाही. खरं उत्तर १.५९ मिमी. तेव्हापासून नियम केला: सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्येच, आणि उत्तराखाली एक ओळ, ‘हे शक्य आहे का?’ बोटीवर वाढलेल्या मुलाला ही ओळ लिहिणं जमतं. इंजिनाशी खेळल्याचा उपयोग मला दिसला तो एवढाच, पण तो खरा आहे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं दुखणं उलटं असतं. वर्कशॉप आणि ड्रॉइंग पक्कं, पण पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं, आणि समोर गणितातलं लाप्लास ट्रान्सफॉर्म उभं राहतं. त्यांना एफबीडी नको. आधी पार्शल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन पक्कं करून घ्यावं.

कोकणात एक गोष्ट आणखी सांगावी लागते. विषम सेमिस्टरच्या मध्यावर गणपती येतात, सम सेमिस्टरमध्ये शिमगा. मुलगा घरी गेला की आठवडा जातो, आणि मी ‘जाऊ नको’ कधीच म्हणत नाही. पण त्या आठवड्यात रोज तीन एफबीडी, आरतीच्या आधी. तेवढ्याने धागा सुटत नाही.

ओंकारच्या वडिलांना मी एकच बदल सुचवला. बंदी उठून बोट समुद्रात गेल्यावर रेंज मिळेल तेव्हा ते फोन करत आणि विचारत, “अभ्यास झाला का?” याला ‘हो’ याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा, “आज कुठे अडलास?” पहिल्यांदा मुलगा गांगरला. मग सांगायला लागला. त्यातलं वडिलांना फार कळत नसे, पण अडणं ही रोजची, बोलण्यासारखी गोष्ट आहे हे घरात रुजलं.

ही वाट सगळ्यांसाठी नाही. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, मित्रांना टाळणं, ‘माझ्यामुळे घरच्यांचे पैसे वाया गेले’ हेच सतत डोक्यात, जगण्याचा कंटाळा, असं दिसलं तर एफबीडी राहू द्या. आधी डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. तिथे दिवसरात्र बोलता येतं. आणि शाखा सोडायची की नाही हा निर्णय निकालाच्या आठवड्यात कोणीही घेऊ नये. एक सेमिस्टर वही मिटून प्रामाणिकपणे काम करा. त्यानंतरही विषयाला हात लावावासा वाटत नसेल तर सोडण्याबद्दल बोलू. अशी मुलंही येतात आणि त्यांनी सोडलं याचं मला वाईट वाटत नाही.

डिसेंबरच्या परीक्षेत ओंकारला मेकॅनिक्सला ४६ मिळाले. गणितात पुन्हा राहिला, २९ वर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आला तो गणिताचा कागद घेऊनच. कुठल्या ओळीला अडला, तिथे आधीच लाल पेनने खूण केलेली होती.