पाणी फार थंड नसतानाही केवळ वेगासाठी वेटसूट घालावा का?

वेटसूट म्हणजे निओप्रीनचा (रबरासारख्या फोमचा) अंगाला घट्ट बसणारा पोशाख. त्याने वेग वाढतो, यात शंका नाही. पण शर्यतीत वेटसूट ऐच्छिक असेल आणि पाणी सोसण्यासारखं असेल, तर केवळ वेगासाठी तो घालणं मला पटत नाही. यावरून माझं आणि माझ्या सरावातल्या मित्राचं जुनं भांडण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तलावातली तीन किलोमीटरची शर्यत होती, पाणी 21 अंश. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या (पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या) नियमात 18 च्या खाली वेटसूट सक्तीचा आणि 20 पासून पुढे बंद. आमच्या आयोजकांनी मात्र ज्याची त्याची मर्जी म्हटलं आणि निकाल एकत्रच लावला. टँकमध्ये 1500 मीटरला मित्र माझ्या मिनिटभर तरी मागे असायचा. त्या दिवशी त्याने वेटसूट घातला होता, मी नाही. दुसऱ्या बोयापाशी (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपाशी) तो शेजारून पुढे निघून गेला. मी त्याच्या पायांमागे लागलो. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या टाचा, अगदी पृष्ठभागाला लागून, आणि किक जवळजवळ नाहीच. टँकमध्ये याच माणसाचे पाय खाली जातात म्हणून सर रोज ओरडायचे. चाळीस सेकंदांनी हरलो. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला थंडी वाजते रे, म्हणून घातला."

मग मी एक सूट मागून आणला. पायात प्लास्टिकची पिशवी चढवून तो वर ओढला, नख लागू न देता. टँकमध्ये 400 मीटर पोहलो: साध्या ट्रंकवर 6 मिनिटं 38 सेकंद, दोन दिवसांनी सूट घालून 6 मिनिटं 10. स्टॉपवॉच त्याच्याच हातात होतं. तरी म्हणतो, थंडीसाठीच!

निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. ते कंबर आणि मांड्या वर उचलतात, अंग आडवं राहतं, पाण्याचा अडथळा कमी होतो. म्हणून ज्याचे पाय बुडतात त्याला फायदा जास्त, ज्याचं अंग मुळातच सरळ राहतं त्याला कमी. समुद्रात खारं पाणी आधीच उचलतं, त्यामुळे तिथे गोड्या पाण्याइतका फरक पडत नाही. प्रश्न फक्त थंडीचा असता तर जाडी 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा नियम कशाला केला असता? टँकच्या शर्यतीतून तर वेग वाढवणारे पॉलियुरेथेनचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) पोशाख 2010 पासून हद्दपार झाले. जलतरणपटू आरती साहांनी 1959 मध्ये इंग्लिश खाडी वेटसूटशिवाय पार केली, आणि तिथल्या पारंपरिक नियमांत आजही पोहण्याचा साधा पोशाख, टोपी, गॉगल असं मोजकंच चालतं, वेटसूट नाही.

ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल आणि धावणं अशा एकत्र शर्यतीची) गोष्ट वेगळी. तिथे परवानगी असेल त्या दिवशी बहुतेक सगळेच घालतात, तुम्हीही घाला. पाणी खरंच गार असेल किंवा खोल पाण्याची धास्ती वाटत असेल, तर माझं काही ऐकू नका, घालाच. फक्त शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. छातीला घट्ट बसला की श्वास कोंडल्यासारखं होतं आणि माणूस घाबरतो. मानेला व्हॅसलीन लावा, नाहीतर सोलून निघेल.

आणि नाव नोंदवताना आयोजकांना विचारा, वेटसूटवाल्यांचा निकाल वेगळा लावणार का? नाही म्हणाले तर मी त्या शर्यतीला जात नाही. मित्र जातो.