शेतकऱ्याचा पुत्र आणि एक-चौदाचा उतारा

प्रश्न : काका, गोव्याची विधानसभा निवडणूक २०२७च्या सुरुवातीला असली तरी आमच्या सत्तरी तालुक्यात ती आत्ताच लागल्यासारखी वाटते. चतुर्थीच्या शुभेच्छांपासून क्रिकेटच्या बक्षिसांपर्यंत जिकडेतिकडे इच्छुकांचे फलक, आणि प्रत्येकजण शेतकऱ्याचा पुत्र! आमच्या घरी थोडे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, आहे, काजूची बागायत आहे आणि भावाचा खाणीवरचा ट्रक आहे. यांतला खरा आपला माणूस ओळखावा कसा? (एक वाचक, वाळपई परिसर)

उत्तर : उमेदवाराच्या वडिलांनी नांगर धरला होता की नाही, याला मी फार किंमत देत नाही. गोव्यातल्या कुळांनी ज्या माणसावर सर्वांत जास्त जीव लावला, ते भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते. डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) सिंहावर शिक्का मारणाऱ्या कितीतरी लोकांच्या घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, होती, आणि परसातला माडही त्याचाच. भाषा होती, जात होती, देऊळ होते, हे सगळे त्या मतांत होतेच. पण भाटकाराने उठ म्हटले की उठावे लागणाऱ्या माणसाला मुख्यतः एवढेच हवे होते, की उठ म्हणण्याचा हा अधिकार कोणीतरी कायद्याने काढून घ्यावा. १९६४ साली कूळ कायदा आला. गावोगाव मराठी शाळा उघडल्या.

पुढची गंमत पाहा. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात 'फूल' हरले, 'दोन पाने' ३४,०२१ मतांनी जिंकली, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला गोव्याने नकार दिला. विलीनीकरणासाठीच जन्मलेल्या पक्षाची खरे तर तिथेच इतिश्री व्हायची. पण थोड्याच आठवड्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. काही जाणकारांना हा मतदारांचा गोंधळ वाटतो. मला तो अजिबात गोंधळ वाटत नाही. राज्य कुठले असावे हा एक प्रश्न आणि कसतो ती जमीन कोणाची हा दुसरा. लोकांनी दोन्हींची उत्तरे वेगवेगळी दिली. भाऊसाहेबांनंतर मुख्यमंत्री झालेल्या शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ला मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेला) झाला आणि १९७६ला कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती. २० एप्रिल १९७६ हा दिवस धरून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. भाटकार न्यायालयात गेले आणि अंमलबजावणी रखडली, तो भाग वेगळा.

मी हे एवढे लांबण लावतो आहे, कारण माझी नोकरीच त्या रखडण्यात गेली. एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत कुळ-मुंडकारांच्या फायली माझ्याकडे असत. भाटकार वारला की त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे. आपल्याकडच्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने त्यांचे नवरे-बायकाही आले. एक मुंबईला, एक लिस्बनला. नोटिसा परत येतात. तोवर आणखी एक वारस जातो आणि फाईल पुन्हा पहिल्या पानावर. दरम्यान कूळ दर तारखेला स्वच्छ सदरा घालून कचेरीत यायचा, बाकावर बसायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. त्याचा मुलगा यायला लागला की आम्ही समजायचो.

तेव्हा फलकावरच्या ओळीपेक्षा कागद बघा. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६मधले शपथपत्र जोडावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. बहुतेक लोक त्यातले सोने आणि गाड्या बघून हसतात नि बंद करतात. तुम्ही शेतजमिनीचा रकाना उघडा. तिथे गाव असते, सर्व्हे नंबर असतो, क्षेत्रफळ असते, वारशाने आली की विकत घेतली तेही असते. तो नंबर घ्या आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, काढा. कब्जेदाराच्या रकान्यात उमेदवाराचे किंवा त्याच्या घराण्याचे नाव दिसेलच. तुम्ही कुळाच्या रकान्यावर बोट ठेवा. तिथे दुसऱ्याच कोणाचे नाव असेल, तर शेतकऱ्याच्या या पुत्राला विचारायचा पहिला प्रश्न तुम्हांला मिळाला : तुमचे हे कूळ खरेदीची सनद मागते आहे का, आणि तुमचा वकील त्याला काय उत्तर देतो आहे?

दुसरा प्रश्न २०१४चा. त्या वर्षी कायदा बदलून कुळांचे दावे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेले होते. मामलेदारापुढे म्हातारा स्वतः उभा राहून, कोकणीत, आपली गोष्ट सांगू शकतो. दिवाणी न्यायालयात आधी वकिलाची फी. लोक रस्त्यावर आले आणि पुढे तो बदल मागे घ्यावा लागला. उमेदवार जुना असेल तर तेव्हा तो काय बोलला होता ते विचारा. नवा असेल तर २०२३चे विचारा. त्या एकाच वर्षी भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला बंदी घालणारा कायदा झाला आणि नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलमही घुसले, ज्याच्या आधारे 'चूक दुरुस्ती' म्हणून जमिनीचे झोन बदलले जाऊ लागले. एका हाताने कुंपण घालायचे आणि दुसऱ्या हाताने बेडे उघडायचे, यातला कुठला हात तुमचा, असे सरळ विचारायला हरकत नाही.

आता ट्रक. तुमच्यासारखी घरे डिचोली-सत्तरीपासून सांग्यापर्यंत खाणपट्ट्यात पुष्कळ आहेत आणि उमेदवारांना सर्वांत सोयीची तीच. सकाळी ट्रकवाल्यांच्या बैठकीत 'खाण सुरू करतो', संध्याकाळी देवळाच्या मंडपात 'शेत राखतो'. २०१२ला खाणी थांबल्या, अंशतः सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. २०२२च्या अखेरीस लिलाव सुरू झाले. या सगळ्यात आमदाराच्या हातात किती होते, ते तुमच्या भावाला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण एक गोष्ट आमदार नक्की करू शकतो. पावसाआधी खाणमातीच्या डंपाखालचे बांध आणि गाळाचे खड्डे कोण तपासतो, आणि लाल माती शेतात उतरलीच तर भरपाईचा पंचनामा किती दिवसांत होतो, हे तो विधानसभेत विचारू शकतो. पिसुर्ले, मये, शिरगाव या गावांना हे नव्याने सांगायला नको. दोन्ही सभांना तुम्ही एकदा हजर राहा आणि सकाळचा प्रश्न संध्याकाळी विचारा, संध्याकाळचा सकाळी.

(ऊसवाल्यांनी रुसू नये. संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२०च्या हंगामापासून बंद आहे आणि इथेनॉलचे नाव तेव्हापासून ऐकतो आहे. त्यावर वेगळा अंक लागेल.)

प्रश्न : मी औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करतो. आमच्या भागातला एक इच्छुक सांगतो, मत द्या, सरकारी नोकरी लावतो. विश्वास ठेवू का? (एक तरुण, डिचोली)

उत्तर : नको. आणि पैसे मागितले तर पोलिसांत जा. २०२४च्या अखेरीस सरकारी नोकरी देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांना पकडले गेले, ते तुम्ही वाचलेच असेल. तिथे फसलेली बहुतेक माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती, दागिने मोडून पैसे देणारी.

नोकरी 'लावतो' म्हणणारा उमेदवार मला का खटकतो, सांगतो. त्याच्या एका शब्दाने एकाचे भले होईल आणि वाड्यावरची बाकीची मुले पाच वर्षे त्याच्या दारात उभी राहतील. त्याला तेच हवे असते. तुम्ही त्याला तुमच्या आत्ताच्या नोकरीबद्दल विचारा. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागते. तुम्हांला मिळाले का? भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याची नोंद आहे का? वसाहतीतले ठेकेदार कोण आहेत आणि त्यांतले किती जण या इच्छुकाच्या प्रचारात फिरतात, हेही जरा बघून ठेवा. तुमचा पगार कापणारा आणि तुमच्या गळ्यात पक्षाचा पट्टा घालणारा माणूस पुष्कळदा एकच निघतो.

प्रश्न : आमच्या पंच म्हणतात, गृह आधार योजनेचे पैसे 'भाईं'नी दिले, त्यांना मत दिले नाही तर बंद होतील. खरे का? (एक गृहिणी, पेडणे)

उत्तर : ताई, खोटे. गृह आधारचे दीड हजार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार हे राज्याच्या तिजोरीतले आहेत, कोणा भाईच्या खिशातले नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या, म्हणजे झाले. मत कोणाला दिले हे यंत्राबाहेर कोणाला कळत नाही. पंचबाईंशी भांडू नका, फक्त 'हे मला लिहून द्या' म्हणा.

प्रश्न : आमच्या वाड्यावर साठेक मते. सगळे मुंडकार, निम्मे मजुरीला जातात. आम्हांला कोण विचारणार? उमेदवार येतो, नारळ घेतो, फोटो काढतो, जातो. (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : २०२२ला तुमच्याच फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी निवडून आले. सांत आंद्रेत रिव्होल्यूशनरी गोवन्स पक्षाचे विरेश बोरकर ७६ मतांनी. खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंतांची साखळीतली आघाडी ६६६ होती. एवढ्या छोट्या मतदारसंघांत साठ मते म्हणजे थट्टा नव्हे. पण ती साठ राहिली पाहिजेत. उमेदवार घरोघर फिरतो तो ती सुटी करायलाच : एका घरात गटाराची लादी, दुसऱ्यात पोरासाठी चिठ्ठी, तिसऱ्यात नुसतेच पाय धरणे.

म्हणून त्याला घरात घेऊ नका, वाड्याच्या मांडावर बसवा. आणि तोंडी काही मागू नका. वाड्यावर मुंडकारीचे जेवढे अर्ज पडून आहेत त्यांची एका कागदावर यादी करा : अर्जदाराचे नाव, केस नंबर, अर्ज कधी केला, गेली तारीख, पुढची तारीख. शेवटचा रकाना रिकामा ठेवा आणि त्यावर लिहा, 'उमेदवार काय करणार'. एक प्रत त्याला, एक त्याच्या विरोधकाला. देवळात नेऊन शपथ घालण्याच्या फंदात पडू नका. जानेवारी २०२२मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देऊळ, खुरीस (क्रॉस) आणि दर्गा अशा तीन ठिकाणी शपथ घेतली होती. सप्टेंबरात त्यांच्या अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. यादीवर सही मागा. सही करायला जो कचरतो, तो कुठल्या केस नंबरपाशी थांबला ते नीट बघा. त्या फायलीतला भाटकार कोण, हे मग मला पत्राने कळवा.