डाळ मिल आणि हॉटेलच्या मधली १२ फुटांची पट्टी

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगावात एमआयडीसीला लागून लॉजिंगसह हॉटेल आहे, पश्चिमेच्या हद्दीला डाळ मिल आहे आणि कंपाउंडच्या आत तुमच्याकडे १२ फूट रुंद, १४० फूट लांब पट्टी मोकळी आहे. टरफल आणि धूळ पार्किंगमध्ये येते, ब्लोअरचा आवाज खोल्यांपर्यंत पोचतो. नर्सरीवाला म्हणतो, कोनोकार्पसची झाडं गच्च लावा, दोन वर्षांत सगळं बंद.

सगळं बंद होणार नाही. मिल नजरेआड करणं झाडांना चांगलं जमतं, धूळ धरणं बऱ्यापैकी जमतं, आवाज अडवणं जवळपास जमत नाही.

आधी आवाजाचं बोलतो, कारण लोकांचे पैसे इथेच सर्वात जास्त वाया जातात. झाडीने आवाज उतरतो हे खरं, पण त्यासाठी जवळपास १०० फूट रुंद आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत गच्च पट्टा लागतो. एवढं करून ५ ते ८ डेसिबल कमी होतात. तुमच्या १२ फुटांत दोन ओळी बसतील, त्यांनी कानाला कळेल असा फरक पडणार नाही. भिंतीचा उपयोग होतो. यंत्र आणि ऐकणारा यांच्यातली सरळ रेघ भिंतीने तोडली की साधारण ५ डेसिबल लगेच उतरतात. मात्र ती भरीव हवी, सिमेंटच्या जाळ्या आणि फटी नकोत. आणि ती यंत्राच्या जवळ तरी हवी किंवा तुमच्या जवळ तरी, मधोमध असली की तिचा गुण कमी होतो. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना ८ फुटी भिंतीचा काहीच फायदा नाही, तिथून ब्लोअर सरळ दिसतो. त्या खोल्यांच्या पश्चिमेच्या खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या दुहेरी काचा लावा. झाडांच्या बजेटमधले पैसे तिकडे वळवले तरी चालतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी मिलच्या आवाजाची तक्रार ठोकायला सांगितलंय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी क्षेत्राला ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते ६. रात्रीच्या आकड्यांत १५ चा फरक आहे आणि सगळे वाद तिथेच अडकतात. तुमचा प्लॉट कोणत्या क्षेत्रात धरलेला आहे ते आधी कागदावर बघा. एमआयडीसीच्या आतला कमर्शियल प्लॉट असेल तर समोरचा म्हणणार, इथे औद्योगिक मर्यादाच लागू. त्यापेक्षा चहा पाजून मिलवाल्याशी बोला. ब्लोअरचं तोंड तुमच्या हद्दीकडे आहे का, सायक्लोनच्या (हवेतली धूळ फिरवून वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) पुढे बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी, बसवता येईल का, एवढे दोनच प्रश्न विचारा. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल, ढेपेसारखी जनावरांच्या खाद्यात विकली जाते, म्हणजे उडून जाते ती त्याचीच कमाई. हे पटवून सांगितलं की माणूस ऐकतो भो.

आता धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येचा. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येते, मिला उन्हाळ्यात जोरात चालतात आणि नेमका तेव्हाच वारा मिलकडून तुमच्याकडे वाहतो. यावर काय करायचं ते रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. बागेच्या कडेने तो शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो, भिंत बांधत नाही. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आपटतो, तुमच्या पार्किंगमध्ये तेच होतंय. झाडांची ओळ अर्धा वारा गाळून सोडते आणि अर्धा वर ढकलते. वारा मंदावला की जड टरफल तिथेच गळतं, बारीक धूळ पानांवर बसते. हा आडोसा उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे झाडं २० फुटांची झाली की २०० फुटांपर्यंत. तेव्हा आवाजासाठी भिंत असू द्या आणि तिच्या आतून, तिच्यापेक्षा उंच, थोडी विरळ झाडं वाऱ्यासाठी लावा.

कोनोकार्पस नको. हिरवा राहतो, भराभर वाढतो, म्हणून नर्सरीवाल्याचा लाडका आहे. पण मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपात घुसतात, परागकणांच्या ॲलर्जीच्या तक्रारी आहेत, आणि शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णीही हॉटेलजवळ नको, दिवाळीच्या आसपास तिच्या उग्र वासाने गिऱ्हाईक डोकं धरून बसेल. गिरिपुष्प स्वस्त, पण ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडं पडतं. पिंपळ, वड, उंबर भिंतीच्या आसपाससुद्धा नकोत.

मी करंज लावेन. तो आपला ४५ अंशांचा मे सोसतो, पानगळ झाली तरी थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते. मधूनमधून बकुळ घाला. वाढायला आळशी आहे, पण वर्षभर गच्च हिरवी राहते आणि दहा वर्षांनी तुम्ही मला दुवा द्याल. खालच्या ओळीला कण्हेर आणि अडुळसा घाला, दोन्हीला शेळी तोंड लावत नाही. हॉटेलात लहान मुलं येतात तिथे मात्र कण्हेर टाळून अडुळसाच ठेवा, कण्हेर विषारी आहे. जागा आणखी कोरडी असेल तर विलायती चिंच कापून कापून कुंपणासारखी ठेवता येते. खाली ज्यांनी मानवेल बांबू सुचवलाय त्यांना एवढंच सांगतो की तो सातपुड्याचाच आहे, मला आवडतोही, पण उन्हाळ्यात खाली वाळक्या पानांचा ढीग साचतो. मिलच्या वेल्डिंगची ठिणगी आणि तो ढीग जवळजवळ नकोत.

मांडणी अशी करा. भिंतीपासून ५ फूट सोडून करंज-बकुळीची ओळ, दोन झाडांत १० फूट. १४० फुटांत १५ झाडं बसतात. तिच्यापासून ४ फुटांवर झुडपांची ओळ, झाडांच्या मधल्या फटीसमोर झुडूप येईल अशी. उरलेले ३ फूट छाटणीला आणि पाइपाला लागतील. भिंतीलगतचे ५ फूट सोडायचं कारण आपली काळी माती आहे. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते, आणि झाड पायाशी असलं की तिथली ओल ओढून हे आणखी वाढवतं. भिंतीला तडे जातात ते यामुळे. दुसरं कारण उंदीर. डाळ मिल म्हटलं की उंदीर आलेच, आणि जमिनीला टेकलेलं गच्च कुंपण म्हणजे त्यांना तुमच्या किचनपर्यंत झाकलेला रस्ता. झुडपं खालून फूटभर मोकळी ठेवा.

खड्डे ३ बाय ३ बाय ३ फुटांचे, मे महिन्यात उघडे टाका आणि दोन चांगले पाऊस झाले की लावा. प्लॉटवर मुरूम भरलेला असेल तर खालची माती लागेपर्यंत खणा. ठिबक पहिल्या दिवसापासून हवं. जळगावसारख्या ठिबकच्या गावात राहून टँकरने पाणी घालू नका. आरओचं सोडलेलं पाणी झाडांना देऊ नका, त्यातल्या क्षारांनी काळी जमीन दगडासारखी होते. दुसरा उन्हाळा निघेपर्यंत पाण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. ‘वॉचमन बघेल’ म्हटलेली पट्टी मी कुठेच जगलेली पाहिली नाही. आणि आठवड्यातून एकदा पाइपाने पानं धुवा. धुळीने माखलेलं पान नवी धूळ धरत नाही.

आणि हे सगळं खरेदी करण्याआधी मंजूर नकाशा काढून बघा. ही पट्टी साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या जागेत, अग्निशमनच्या गाडीसाठी मोकळी दाखवली असेल तर तिथे एक झाडही लावता येणार नाही. मग भिंतीवर वेल चढवणं एवढाच मार्ग उरतो. वरून महावितरणची लाइन जात असेल तर तिच्याखाली फक्त झुडपं लावा. शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून ‘आत्ता लावू, नंतर बघू’ चालत नाही. रस्त्याकडची बाजू उघडीच ठेवा, बोर्ड झाकला तर धंदा बसेल. नकाशाचा आणि वरच्या तारांचा फोटो इथे टाका, झाडांची नेमकी संख्या त्यावरून सांगतो.